हातावर टाके नव्हते

मला सुनंदा सिस्टरनं वाचवलं. हे आधी लिहितो, मग बाकीचं. कारण बाकीचं सांगायला बसलं की मला राग येतो, आणि रागात ज्याचं नाव घ्यायचं तेच राहून जातं. डॉक्टरांमुळे वाचलो असं त्या हॉस्पिटलच्या कागदावर आहे. ते खोटं आहे. ज्या बाईला तिथले लोक नुसतं "ए सिस्टर" म्हणायचे, चादरी बदलायला आणि पाण्याचा जग भरायला पळवायचे, तिनं वाचवलं.

डॉक्टरांनी माझी पोटरी दाबली आणि मी ओरडलो. त्यांनी खालची पापणी ओढून डोळे बघितले. डोळे हळदीसारखे झाले होते. म्हणाले, "नुसती कावीळ नाही ही. लेप्टोस्पायरोसिस वाटतंय. किडनीवर चाललंय." मला फक्त किडनी कळलं. लेप्टो म्हणजे काय ते नंतर कळलं. उंदराच्या मुतात एक जंतू असतो. ते पाण्यात मिसळतं आणि पायाला भेग किंवा खरचटलेलं असेल तर तिथून जंतू अंगात शिरतो. आधी ताप, मग पोटऱ्या दुखतात, मग डोळे पिवळे, मग लघवी कमी. मला ही चारही झाली होती.

मी हिंगोलीकडचा. शाळा सातवीत सुटली. न्हावा शेव्याजवळ एका यार्डात रिकामे कंटेनर धुवायला होतो. बोटीवरून आलेला माल उतरला की कंटेनर आमच्याकडं येतो. आत सांडलेलं धान्य, सडका कांदा आणि उंदीर असतातच. पाइपानं पाणी मारायचं आणि घोट्याइतक्या घाण पाण्यात उभं राहायचं. माझा उजवा बूट फाटला होता. दुसरा मागितला तर मुकादम म्हणाला, "का, नवरदेव हाईस का?" तापाच्या पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले तेव्हा तोच हसला, "बघा रं, ह्याला हळद लागली. नवरी कुठं हाय?" सगळे हसले. मीही हसलो. ताप अंगात असताना हसलो, ह्याची अजून लाज वाटते.

आता ती गोष्ट सांगतो जी आमच्यासारख्यांनाच कळेल. माझं नाव भागवत. पण तिथं मी भागवत नव्हतो. मी संतोष होतो.

संतोष माझ्या गावचा. तो गावी गेला आणि परत आलाच नाही. त्याचा गेट पास आणि विम्याचं कार्ड मुकादमाकडं राहिलं. नवीन माणसाचा पास काढायचा तर पोलिसांची पडताळणी, कागद, महिनाभर खेटे. त्यापेक्षा मुकादमानं संतोषचा पास माझ्या गळ्यात घातला. फोटो घासलेला होता. दोघंही काळे, दोघांनाही मिशी. गेटवर कोण बघतंय? आमच्या यार्डात असे पाचसहा संतोष होते. तुमच्याकडंही असतील. ज्याच्या गळ्यात दुसऱ्याचा पास आहे, त्यानं पुढचं नीट वाचावं.

गाडीतून हॉस्पिटलला नेताना मुकादमानं शिकवलं, "ऐक. तू संतोष. वय अठ्ठावीस. आईचं नाव कांताबाई. जे इचारतील त्याला संतोष काय बोलला असता ते बोलायचं. चुकलास तर कार्ड चालणार न्हाय, मग उचलून रस्त्यावर टाकतील." मी गाडीत बसून घोकत होतो. वय अठ्ठावीस, आई कांताबाई. माझी आई जिवंत असताना मी दुसऱ्या बाईला आई म्हणायची तयारी करत होतो.

काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?"

मला वाटलं हाही संतोषच्या परीक्षेतलाच प्रश्न. संतोषला कसली अ‍ॅलर्जी ते मला कुठं माहीत? म्हटलं, "नाही."

मी नऊ वर्षांचा असताना पायात खिळा गेला होता. गावातल्या डॉक्टरनं सुई दिली आणि माझा गळा सुजला, तोंड निळं पडलं. कसाबसा वाचलो. त्यानंतर आईनं माझ्याकडून एक शब्द शाळेतल्या कवितेसारखा पाठ करून घेतला होता, पेनिसिलिन. "कुठं बी दवाखान्यात गेलास तर आधी हे सांगायचं." एवढं एकच तिनं मला शिकवलं होतं आणि मी कांताबाईचा मुलगा होऊन ते गिळलं.

संतोषची फाइल तिथं आधीपासून होती. वर्षापूर्वी पत्र्यानं त्याचा उजवा तळहात फाटला होता. तेव्हा त्याला पेनिसिलिनच दिलं होतं आणि काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी फाइल चाळली, "आधी घेतलंय, चांगलं सोसलंय," म्हणाले आणि तेच लिहून निघून गेले. पोटरी दाबली, डोळे बघितले, पण अ‍ॅलर्जीचं मला एका शब्दानं विचारलं नाही. म्हणजे औषध माझ्या अंगाला, आणि परीक्षा संतोषच्या अंगाची.

दुपारी चारच्या सुमाराला सुनंदा सिस्टर ट्रे घेऊन आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केसात एक वाळलेला सोनचाफा. त्या उरणकडच्याच. बोलणं असं की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, बाई भांडतेय. त्यांची एक सवय होती. पलंगाच्या पाटीवरचं नाव वाचायच्या नाहीत, पेशंटला बोलायला लावायच्या.

"नाव काय तुजा? पाटीवरचा नको, तुज्या तोंडानं सांग."

"संतोष."

"डॉक्टरांचा तरी ऐकतोस का, की मुडद्यासारखा पडलास नुसता? हात दे."

मी डावा हात दिला. त्यावर शीर मिळाली नाही. "दुसरा." उजवा दिला. त्यांनी तळहात वर केला आणि तसाच धरून ठेवला. मग अंगठ्यानं चोळून बघितला, पुसून जाईल असं काही आहे की काय म्हणून.

"टाके कुठं गेले?"

मी मूठ मिटायला गेलो, त्यांनी मिटू दिली नाही.

"ह्या हाताची पट्टी मी केली होती, रोज. तोंड माझ्या लक्षात राहत न्हाय, जखम राहते. सात टाके होते. कुठं गेले? उंदरानं खाल्ले?"

ट्रेमध्ये इंजेक्शन भरून तयार होतं. पुढं मी काय विचार केला ते सांगतो, म्हणजे तुम्ही असा विचार करणार नाही. मी जिवाचा विचारच केला नाही. मी कार्डाचा केला. खरं बोललो तर कार्ड गेलं, काम गेलं, संतोषवर केस. म्हणून म्हटलं, "बरे झाले टाके."

सिस्टर हसल्या नाहीत. ट्रे खिडकीत ठेवला आणि हलक्या आवाजात बोलल्या. ते बोलणं मी जन्मभर विसरणार नाही.

"हे बघ पोरा. मी एएनएम हाय. मोठी नर्स न्हाय, डॉक्टर तर न्हायच. औषध मी लिवू शकत न्हाय, बदलू शकत न्हाय. वरनं सांगतील ते द्यायचा, एवडाच माजा काम. पण कुनाला देतेय ते म्हाईत नसल तर द्यायचा न्हाय, हे पन माजाच काम. तुजी आय तुला काय म्हनून हाक मारते?"

आई म्हटल्यावर माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "भागवत." आणि त्याच दमात म्हटलं, "पेनिसिलिन सोसत नाही मला. गळा सुजतो."

त्यांनी ट्रेकडं बघितलं. चेहरा एकदम उतरला. मग मला म्हणाल्या, "गाढवा," आणि ट्रे उचलून नेला.

एएनएम म्हणजे सहायक परिचारिका. छोटा कोर्स असतो. गावात बाळंतपणं, लसी, बीपी बघणं, पट्टी करणं ही त्यांची कामं. खाजगी हॉस्पिटलवाले मोठ्या नर्सचं सगळं काम त्यांच्याकडून करून घेतात आणि तोंड उघडलं की "तुझी पायरी ओळख" म्हणतात. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. फोनवर डॉक्टर ओरडत होते, ते पलंगापर्यंत येत होतं. "सिस्टर, लिहिलंय ते द्या. तुम्ही मला शिकवणार?" आणि सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "देते सर. फक्त एवडा लिहून द्या, की पेशंटला अ‍ॅलर्जी हाय सांगितल्यावर पन द्या म्हनालात."

पाच मिनिटांत डॉक्टर आले. मला दोनच प्रश्न विचारले आणि पेन काढून औषध खोडलं. त्याऐवजी दुसरं, डॉक्सीसायक्लिन, लिहिलं. मला म्हणाले, "अ‍ॅनाफिलॅक्सिस झालं असतं, कळतं का?" म्हणजे औषधानंच अंग उलटतं, श्वास बंद होतो, माणूस मिनिटांत जातो. सिस्टरकडं त्यांनी बघितलंही नाही.

मग दुसरा तमाशा सुरू झाला. विम्याच्या टेबलावरचा माणूस पलंगाशी येऊन सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलला, "चोर साले. दुसऱ्याच्या नावावर फुकट इलाज पाहिजे." मला सलाइन चालू होतं. समोरच्या पलंगावरच्या म्हातारीनं तोंड फिरवलं. त्यानं मुकादमाला फोन लावला तर मुकादम म्हणाला, "कोण भागवत? माझ्याकडं भागवत म्हणून कोणी न्हाय." खरंच होतं ते. त्याच्या वहीत भागवत कधी नव्हताच.

सिस्टरनी हातमोज्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर लिहून दिलं, रेशन कार्ड, आधार, दोन्ही तुझ्या नावाचे. "सरकारी योजना हाय. तुजा नाव लागतो त्याला, उसना न्हाय चालत. आयला फोन कर." गावाकडच्या शेजारच्या पोरानं माझं नाव असलेलं आईचं रेशन कार्ड आणि माझा आधार, दोन्हींचे फोटो पाठवले. त्याच रात्री सरकारी गाडीनं मी अलिबागच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं रांग होती, पण रांगेत माझं नाव होतं. क्रिएटिनिन म्हणून रक्ताची तपासणी असते, किडनी किती मळ काढते ते कळतं. ते रोज करायचे. चौथ्या दिवशी आकडा खाली आला. डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त धुणं, लागलं नाही.

सहाव्या दिवशी सिस्टर भेटायला आल्या. पिशवीत तांदळाची पेज आणली होती. त्यांना मेमो मिळाला होता. डॉक्टरांचा आदेश पाळला नाही, कार्यकक्षेबाहेर वागल्या, पेशंटला बिलाबद्दल सल्ला दिला. कार्यकक्षा म्हणजे कुणी काय करायचं त्याची हद्द. चौकशी होणार होती.

"दोन ओळी लिहून देशील? काय झाला ते. तुज्या नावानं."

आदल्याच दिवशी मुकादमाचा फोन आला होता. आता त्याला भागवत बरोबर आठवला होता. "तोंड उघडलंस तर संतोष आत जाईल, तू बी."

मी म्हटलं, "बघतो."

त्यांनी पिशवीतून पेजेचा डबा काढला. मग म्हणाल्या, "पेज गरम हाय तवर खा." डबा ठेवून गेल्या. मी पेज सगळी खाल्ली आणि डिस्चार्ज मिळाल्यावर पळालो. लिहून दिलं नाही. त्यांचं काम गेलं हे मला नंतर कळलं.

मी अजून घरापासून लांबच आहे. काशीदला एका लॉजवर बागेचं काम करतो. इथं मालकानं आधार बघून माझं नाव लिहिलं. मला चोर म्हणणारा, मुकादम, डॉक्टर, सगळ्यांचा राग येतो. सगळ्यात जास्त त्या "बघतो"चा येतो.

तुम्ही दुसऱ्याच्या पासवर असाल तर असा. पोटासाठी माणूस काय काय करतो. पण सुई टोचायच्या आधी आपलं नाव सांगा, आणि आईनं पाठ करून घेतलेलं सांगा. सगळ्याच वॉर्डात सुनंदा सिस्टर नसतात.

हा कागद मी दोनदा लिहितोय. एक तुमच्यासाठी. दुसऱ्यावर वडिलांचं नाव, गाव, आधार नंबर, सही, सगळं आहे. तो त्यांचा डबा धुऊन त्यात ठेवलाय. सिस्टर, उरणला तुमचं घर शोधून तो डबा आणून देईन. चौकशी पुन्हा उघडली तर येईन, आणि कुणीही विचारलं, तरी पाटीवरचं नाही, माझ्या तोंडानं सांगेन, मी भागवत, आणि ह्या बाईनं मला जिवंत ठेवलं.