भावोजींचा सर्व्हर

माझे धाकटे दीर लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. नखांत कायम ग्रीस. त्याच हातांनी त्यांनी कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर आमच्या जिन्याखाली, चपलांच्या कपाटात मांडला आणि त्याचा सर्व्हर केला. त्याचा पंखा सतत घुरघुरतो. कपाट उघडलं की चामड्याचा आणि तापलेल्या धुळीचा भपकारा येतो.

"वहिनी, कंपन्या आपले फोटो बघत बसतात, शी! हे सॉफ्टवेअर फुकट आणि आतून उघडं, कुणीही तपासून घ्यावं. आता घरातलं घरात." सगळ्यांच्या फोनवर ॲप त्यांनीच घातलं. फोटो काढला की तो आपोआप जिन्याखाली जाऊन बसतो. सुट्टीच्या दिवशी तिथेच मांडी घालून ते डिस्क बदलत, अपडेट करत. मला कौतुक होतं, खोटं कशाला बोलू?

गेल्या आठवड्यात जेवताना त्यांनी माझ्या लेकीला विचारलं, "काय चिमे, पाठीवरचे चट्टे कमी झाले की!"

लेक नोकरी करते, मोठी आहे. ते चट्टे फक्त मी आणि तिच्या त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिलेत. डॉक्टर परगावी असतात, दर आठवड्याला फोटो मागवतात आणि त्यावरून औषध ठरवतात. फोटो मीच काढते, दार लावून.

तिचा घास हातातच राहिला. "काका, तुम्ही पाहिलेत?"

"अगं, फोटो नीट आलेत का ते बघावं लागतं. ॲडमिन आहे मी. आणि मी काय परका आहे?"

"परक्याने निदान जेवताना विचारलं नसतं," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता पुसा ते."

"पुसतो की. पण बॅकअपमध्ये महिनाभर राहणारच. माझ्याकडून काही हरवत नाही, वहिनी." असं म्हणून त्यांनी बोटं चाटली.

हे म्हणतात, "जाऊ दे गं, वेंधळा आहे तो." वेंधळा? चट्टे कमी झालेत हे कळायला आधीचे फोटोही काढून बघावे लागतात. शेजारी शेजारी ठेवून.

ॲप मी काढून टाकलं. तरी लेक आता फोटो काढू देत नाही. "आई, फोनच नको." औषध मध्येच सुटलं तर चट्टे मानेपर्यंत चढतील, अशी डॉक्टरांची ताकीद आहे.

शेवटी आज शिवणकामाचा ट्रेसिंग पेपर घेतला. तिच्या पाठीवर धरून चट्ट्यांच्या कडा हलक्या हाताने गिरवल्या, शेजारी रंग लिहिले. हा कागद डॉक्टरांना पाठवणार आहे. चालेल की नाही, देव जाणे.

गिरवत असतानाच खोलीच्या दारावर टकटक झाली.

"वहिनी, चिमीचे नवे फोटो येत नाहीत. काही अडकलंय का?"

"अडकलं नाही, भावोजी. आम्ही बंद केलंय."

दाराला आतून कडी होती. तरीही लेकीने झटकन पाठ झाकून घेतली.