धुळीतला भोवरा

"पोट्टीनं टायपिंग केलं, बस," सर नागपूरहून आलेल्या पाहुण्यांना सांगत होते. मी त्या दोघांसाठी चहा घेऊन सभागृहाच्या दाराशी पोचले होते. पोट्टी म्हणजे मी. आत पडद्यावर अजून माझाच आलेख होता.

सर आमच्या कॉलेजात लेझर शिकवायचे. त्यांचं घर जुन्या शहरातल्या पुरानी बस्तीत, कॉलेज नव्या राजधानीच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांच्या पार टोकाला. पण यायचे घंटेच्या आधी. त्यांच्या टेबलाच्या खणात एक थाळी, एक वाटी आणि एक लाकडी भोवरा असायचा. नवा विद्यार्थी आला की ते तिन्ही बाहेर निघायचे. "थाळीवर किरण मारला तर सगळा उजेड एकदम वापस. भोवऱ्याचं टोक आधी हळू बोलते, मंग मागचं मोठ्यानं. आपल्याले फक्त ऐकायचं हाय." आजही भांडी पुसताना माझा हात वाटीच्या काठावर थांबतो.

लेझर रडार आमच्याकडे नव्हतंच. सगळं संगणकावर. खोटा किरण, खोटी वस्तू, आणि परतलेल्या उजेडाच्या चढउतारावरून समोर काय आहे ते ओळखायचं. सरांना याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं यंत्र आलं असतं तर लोकांनी त्याच्यावर कपडा टाकून ठेवला असता, असं ते म्हणायचे.

शहर सगळं हिंदी बोलणारं; मी घरी मराठी ऐकायचे आणि उत्तर हिंदीत द्यायचे. सरांपुढे ते चालेना. हिंदीत विचारलं की त्यांना ऐकूच यायचं नाही. "मराठी पोट्टी तू, लाजते काहून?" मी 'माझी प्रोग्राम' म्हटलं की न हसता 'माझा' म्हणायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. शाळेत इतक्या वर्षांत मी तोंड उघडलं नाही तेवढं त्या खोलीत उघडलं.

मग एकदा म्हणाले, या हवेत सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ टाक. टाकली, आणि संगणक थाळीलाही वाटी म्हणू लागला, भोवऱ्यालाही वाटी. सगळा उन्हाळा मी त्याच्यामागे घालवला. शेवटी गच्चीवरच्या काळवंडलेल्या चादरी काढताना सुचलं, की आधी समोर काहीच न ठेवता किरण सोडायचा, धुळीचाच चेहरा ओळखून घ्यायचा, मग तो वजा करायचा. भोवरा पुन्हा भोवऱ्यासारखा दिसला. सर पडद्याकडे बघत राहिले. डब्यातली साबुदाण्याची उसळ माझ्याकडे सरकवून म्हणाले, "हे तुयं हाय. मायं नाही."

पुढे संशोधनाला बाहेर जायचं तर दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं. हे त्यांना माहीत होतं. अर्ज कुठे करायचा तेही त्यांनीच सुचवलं होतं.

पाहुण्यांपुढे सरांनी तो पेपर मांडला त्या दिवशी पडद्यावर पहिल्याच पानावर दोन नावं झळकली, सरांचं आणि विभागप्रमुखांचं. मला वाटलं, माझं राहून गेलं असेल. सर चुकून विसरले असतील, असंही मी दारापर्यंत मनाला समजावत आले होते.

पाहुणे गेल्यावर मी आत गेले. सर वायर गुंडाळत होते. मी काही विचारायच्या आधीच ते सांगू लागले, की विभागप्रमुखांचं नाव घालणं भाग होतं, तिसऱ्याला जागा नव्हती. "तुयं वय हाय अजून. पुढचा पेपर तुयाच नावावर. उद्यापासून बसू." जागा नव्हती, हे मी कदाचित पचवलं असतं. पण टायपिंग हा शब्द त्यांच्याकडून कुणी मागितला नव्हता.

हिंदीत माझ्याकडे बरीच वाक्यं तयार होती. मी मराठीतच बोलले.

"जाते, सर."

त्यांना ती माझी नेहमीची चूक वाटली. वायरवरची नजर न काढता, अगदी मायेनं म्हणाले, "येते म्हणावं, पोट्टी."

"नाही, सर. जाते."