रविवारची काच

साताऱ्याच्या आमच्या घरात रविवारी सकाळी सगळं चकचकीत लागायचं. पितळेची भांडी, सायकलची रिंग, आम्हा भावंडांची नखं आणि शेवटी माशांच्या पेटीची काच. आबा, म्हणजे माझे वडील, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शेवटच्या पोस्टिंगवरून, कलकत्त्याहून येताना बाकीच्यांनी ट्रंका भरून सामान आणलं, आबांनी डब्यातून मासे आणले. तळाच्या वाळूत हुंगत फिरणारे, अंगावर चिलखत घातल्यासारखे दिसणारे, मिशीवाले परदेशी मासे. असले मासे अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नव्हते. आबांच्या मिशाही तशाच होत्या, त्यामुळे आई आळीपाळीने दोघांकडे बघून पदराआड हसायची.

या माशांना पिल्लं व्हावीत हा आबांचा ध्यास. शनिवारी संध्याकाळी पेटीतलं निम्मं पाणी काढून आडाचं गार पाणी भरायचं आणि रविवारी सकाळी काच आतून-बाहेरून फडक्याने पुसायची, हा त्यांचा नेम. बादली धरायचं काम माझं. काचेला आतून बारीक पांढरट ठिपके आलेले असत. इथलं पाणीच जड, असं म्हणून आबा ते घासून काढत. वर्षं गेली, मासे म्हातारे होऊन एकेक करून जाऊ लागले, पण पिल्लू काही झालं नाही.

माझं लग्न सांगलीला झालं, हळदीच्या अडत्याच्या घरात. पुढे एका दिवाळीला माहेरी आले तर आबा उरलेले मासे विहिरीत सोडायला निघालेले. पाच-सहाच राहिले होते. ते गेले की खेळ खलास, दुसरे आणायचे कुठून? मी हट्टाने ते किटलीत घालून घेतले. एसटी स्टँडवर पोचवायला आले तेव्हा आबा म्हणाले, "न्हे, पर पिल्लांची आस धरू नगंस. मला जमलं न्हाई, ते तुला काय जमनार?"

त्यांचं बोलणं नेहमीचंच होतं, पण मला ते झोंबलं. कराड येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. हे मासे मरायच्या आत त्यांना पिल्लं झाली पाहिजेत आणि ती आबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली पाहिजेत. एवढ्या एका गोष्टीपुढे मला दुसरं काही दिसेना.

सांगलीत मी सगळं आबांच्याच शिस्तीने केलं. शनिवारी पाणी, रविवारी काच. माशाला मीठ-मसाला लावायचा सोडून आमची सून त्याला आंघोळ घालते, असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या. त्यांचं तरी काय चुकत होतं? पिल्लाचा पत्ता नव्हता, उलट त्यात आणखी एक मासा गेला. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले आणि वर आबांवरच चिडले.

मग हळदीचा हंगाम आला. गावोगावचे शेतकरी माल घेऊन उतरायचे, त्यांची जेवणं आमच्याच घरी. भाकऱ्या थापता थापता आज वार कुठला हेही कळेना. त्या शनिवारी पाणी कसंबसं बदललं, रविवारची काच मात्र राहिली ती राहिलीच. दोन-तीन दिवसांनी सवड काढून फडकं घेऊन पेटीपुढे उभी राहिले. काच हिरवट झाली होती आणि तिला ते ठिपके चिकटले होते, लहानपणापासून बघितलेले, माझ्या चांगल्याच ओळखीचे. मी हात पाण्यात घातला आणि एक ठिपका वळवळला.

वाकून, नाक काचेला लावून बघितलं. ठिपक्याठिपक्यात एक काळा डोळा होता. मी जी किंकाळी मारली ती ऐकून सासूबाईंना वाटलं मला विंचू चावला.

लोणच्यासाठी आणलेली नवी काचेची बरणी मी त्यांना न विचारता ढापली. ब्लेडने अंडी अलगद सोडवून तिच्यात ठेवली. पिल्लं बाहेर आली तेव्हा जेवायला बसलेले शेतकरी पानावरून उठून, पिवळ्या हातांनीच बरणी बघायला आले. उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून गाळून मी पिल्लांना भरवला. काही दगावली, पण बरीचशी जगली. त्यांना मिशा फुटल्या तेव्हा सासूबाई शेजारणींना बोलावून बोलावून दाखवू लागल्या, जशी काही त्यांनीच काढली होती. मी साताऱ्याला कार्ड टाकलं आणि त्यात एवढंच लिहिलं, की येऊन बघा.

आबा आले. चष्मा लावून बरणीपुढे बसले आणि एकेक पिल्लू मोजू लागले. मी कमरेवर हात ठेवून उभी होते. आयुष्यात इतकी खूश मी क्वचितच झाले असेन. मग त्यांची नजर मोठ्या पेटीच्या काचेवर पुन्हा आलेल्या ठिपक्यांकडे गेली आणि कपाळाला आठी पडली.

"काच पुसत न्हाईस व्हय गं?" असं म्हणत त्यांनी रुमाल काढला आणि बाही वर सारली.

मी त्यांचं मनगट धरलं. "आबा, ऱ्हाऊ द्या. ती अंडी हायेत."

हात तसाच पेटीवर राहिला. ते ठिपके त्यांनी जवळून बघितले, मग माझ्याकडे बघितलं. बादली धरणारी मीच होते, त्यामुळे सांगायचं काही उरलं नव्हतं.

"म्हंजी दर ऐतवारी..." आबा म्हणाले, "मीच पुसत हुतो की."

मला वाटलं आता रागावतील. पण ते हसायला लागले, मिशा थरथरेपर्यंत हसले. मग रुमालाने डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. चार पिल्लं देशील का, म्हणाले. मी दहा दिली.

नंतर माहेरी गेले तर आई दारातच तक्रार करायला उभी. घरात बाकी सगळं तसंच चकचकीत होतं, फक्त आबांची पेटी शेवाळाने हिरवीगार झालेली. आतलं काही दिसेना. मी सवयीने कोपऱ्यातली बादली उचलली, तशी मागून आबांची हाक आली, "काचंला हात लावायचा न्हाई कुनी."