लाल दिव्यांचा पॅड

शिवदास गावकराची अर्धी हयात पाळीच्या खाणीवर ट्रक हाकण्यात गेली. खाणी बंद पडल्यावर त्याने गावच्या नाटकांचा साऊंड धरला. आवाज सोडायला लॅपटॉपला जोडायचा बटणांचा पॅड आणला, तर बोट उचललं की बटणाचा दिवा विझे. आवाज चालू आहे की संपला, कळायला मार्ग नाही. शिवदास भडकला आणि हट्टाला पेटून त्याने एक दुभाष्या सॉफ्टवेअर बसवलं. लॅपटॉपचा निरोप ते पॅडला कळेल अशा भाषेत पोचवी. रंग शिवदासने ठरवले: आवाज चालू असला की हिरवा, थांबलेला असला की लाल.

पेडण्याच्या जत्रेतल्या नाटकात माईक बिघडला, तेव्हा पॅडवर बायकोला, देवकीला, बसवून तो विंगेत धावला. जाता जाता म्हणाला, "काय चालू राहिलं तर बंद कर."

रंगमंचावर राजाचं प्रेत होतं. देवकीने पॅड पाहिला. सगळी बटणं लाल. तिने ती भराभर दाबली. लग्नाची सनई, घोड्यांच्या टापा, ढगांचा गडगडाट एकदम उसळले आणि प्रेत ताडकन उठून बसलं.

वायर हातात धरून शिवदास थिजला. कसाबसा धावत येऊन त्याने सगळं बंद केलं.

देवकी म्हणाली, "अहो, घरच्या बोर्डावर लाल दिवा म्हणजे चालूच ना?"

"खाणीवर लाल म्हणजे गाडी उभी."

देवकी लाल पॅडकडे बघत राहिली. "मग खाणीवरच्या गाड्या उभ्याच आहेत की सगळ्या."