पुरावाबाईंचा तास

महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाईंना मुलं पुरावाबाई म्हणत. तोंडावर नाही. पण ग्रंथालयाचे पडदे पातळ होते आणि बाईंचे कान तिखट. कुणी काउंटरवर येऊन म्हणालं, "बाई, पाऊस येणार आहे, पुस्तक उद्या आणलं तर चालेल?" तर बाई विचारत, "पाऊस येणार हे कुणी सांगितलं?" चेष्टा नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे.

आठवड्यातून एक तास बाईंच्या वाट्याला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी. वेळापत्रकात त्याचं नाव माहिती साक्षरता. बरीच मुलं तिथे टायपिंग शिकवतात समजून येत. बाई शिकवत की छापून आलं म्हणजे खरं झालं असं नाही. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशाच्या आधारावर लिहिलं आणि त्यात लिहिणाऱ्याचा काय फायदा, ते बघायचं. हा तास मिळावा म्हणून त्यांनी दोन प्राचार्य निवृत्त होईपर्यंत वाट पाहिली होती. तिसऱ्यांनी दिला.

त्याच तिसऱ्यांनी त्या वर्षी बाईंना बोलावून घेतलं. वाणिज्य विभागाला तास कमी पडत होते आणि त्यांचा बाईंच्या तासावर डोळा होता.

"तास ठेवायचा तर उपयोग होतो हे दाखवा," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही सगळ्या जगाकडे पुरावा मागता. आता आम्ही मागतो."

बाईंना हे रास्त वाटलं. तिथेच पंचाईत झाली.

त्यांनी एक चाचणी तयार केली. वीस छोटे उतारे. प्रत्येकापुढे तीन चौकटी: विश्वास ठेवावा, ठेवू नये, सांगता येत नाही. हीच चाचणी वर्षाच्या सुरुवातीला द्यायची आणि शेवटी पुन्हा द्यायची. बरोबर उत्तराला एक गुण. चुकीला शून्य. 'सांगता येत नाही'लाही शून्य, नाहीतर आळशी मुलं सगळीकडे तीच खूण करून चहाला जातील. गुणांचा हा नियम बाईंनी लिहून पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि संख्याशास्त्राच्या सरांच्या कपाटात ठेवायला दिलं. या सरांना सगळे आकडेसर म्हणत, तोंडावरसुद्धा.

"हे कशाला?" आकडेसर म्हणाले.

"उत्तरं बघितल्यावर नियम बदलायचा मोह होतो."

"कुणाला?"

"मला."

सुरुवातीच्या चाचणीत मुलांनी धडाधड खुणा केल्या आणि पळाली. सरासरी बारा गुण.

वर्षाच्या शेवटी तीच मुलं, तेच वीस उतारे. तासाची घंटा झाली तरी कुणी उठेना. खिडकीजवळच्या एकाने हात वर केला.

"बाई, हा उतारा कुठून घेतलाय?"

"समोर आहे तेवढ्यावरून ठरव."

"समोर नुसता उतारा आहे. लिहिणारा कोण, ते नाही."

दुसऱ्याने विचारलं, "ही चाचणी कुणी काढली?"

"मी."

"मग यात तुमचा काय फायदा?"

"हा तास टिकेल," बाई म्हणाल्या.

त्याने ते लिहून घेतलं.

एकीने समासात लिहिलं होतं की उताऱ्यावर तारीख नाही, सबब मत देता येत नाही. बहुतेकांनी जिथे तिथे 'सांगता येत नाही'वर खूण केली होती, आणि आळसाने नाही. कारणं लिहायला जागा पुरली नाही म्हणून पुरवण्या जोडल्या होत्या.

सरासरी सात.

आकडेसरांनी बेरीज पुन्हा तपासली. सातच. वर्षभर शिकून मुलं पाच गुणांनी खाली आली होती.

"'सांगता येत नाही'ला एक गुण देऊन टाका," सर म्हणाले. "मग बघा आकडा कसा उडी मारतो."

"उत्तरं बघितल्यावर?"

"पाकीट माझ्याच कपाटात आहे, बाई. माझ्या कपाटात काय काय हरवतं तुम्हाला ठाऊक नाही."

"हेच करायचं नसतं, असं मी वर्गात सांगते."

"वर्ग सुटलाय."

बाईंनी पाकीट मागून घेतलं.

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. बाई समोर बसल्या आणि चार शेंगा ओढून घेतल्या. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू शिकवलंस आणि पोरं बिघडली."

"आकड्यांवरून तसं दिसतं."

"आणि हे तू लिहून देणार. सहीनिशी."

"हो, आई."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते गं."

"झाकलेली मूठ उघडून बघा, हेच तर मी शिकवते."

सासूबाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, तो चुकून पडतो. तू तोलून, मापून, तीन प्रतींत टाइप करून पाडून घेतेयस. मटार तरी नीट सोल."

अहवाल प्राचार्यांच्या समितीकडे गेला. आत दोन खांबांची आकृती होती. एक उंच खांब, त्याखाली 'आधी'. एक बुटका, त्याखाली 'नंतर'.

पुढच्या आठवड्यात सूचनाफलकावर कागद लागला. माहिती साक्षरता उपक्रम अत्यंत यशस्वी ठरल्याचं समितीला आढळलं होतं. पुढच्या वर्षापासून आठवड्याला दोन तास. खाली प्राचार्यांची सही.

बाईंनी कागद दोनदा वाचला. समितीने खांब पाहिले होते. खांबांखालचे शब्द पाहिले नव्हते. उंच खांब नंतरचा असणार, असं समिती धरून चालली होती.

आकडेसर मागून येऊन उभे राहिले. "गप्प बसा," ते हळूच म्हणाले. "तुम्ही एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. त्यांनी वाचलं नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

हे खरं होतं. त्या दिवशी दुपारभर बाईंनी परत आलेली पुस्तकं लावली. एक पुस्तक चुकीच्या कप्प्यात गेलं. ते काढून नीट ठेवलं आणि त्या प्राचार्यांच्या खोलीकडे गेल्या.

"सर, आकृती उलटी वाचली गेली आहे."

प्राचार्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"उंच खांब आधीचा?"

"हो."

"म्हणजे मुलं आधी हुशार होती."

"आधी त्यांना खात्री होती, सर."

"तुम्हाला इथे कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"अशा कामासाठी आपण होऊन कुणी येत नाही, बाई." त्यांनी चष्मा काढला. "हा कागद मी उतरवला तर तास वाणिज्यकडे जाईल. एकही राहणार नाही."

"माहीत आहे."

संध्याकाळी फलकावर दुसरा कागद लागला.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पडला का धोंडा?"

"पडला."

"लागलं?"

"लागलं."

त्या रात्री त्यांनी सुनेला भांड्यांना हात लावू दिला नाही.

सुट्टीनंतर एक मुलगी काउंटरवर आली. आता दुसऱ्या वर्षाला होती.

"बाई, आपला तास बंद झाला म्हणतात. कशावरून?"

बाईंनी कपाटातून अहवाल काढून दिला. मुलीने तो उभ्या उभ्याच वाचायला घेतला. पुस्तक परत करायला आलेली दोघं तिला वळसा घालून गेली. बाईंनी तिला खुर्ची सरकवली. इतक्या दिवसांत प्रथमच तो अहवाल कुणीतरी शेवटच्या पानापर्यंत वाचत होतं.

"हे चूक आहे," मुलगी म्हणाली. "आधार नसताना 'सांगता येत नाही' म्हटलं, तर त्याला शून्य?"

"तसं आधीच ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"मग तुम्ही चुकीचं ठरवलंत."

"हो."

"आणि हे अहवालात लिहिलेलं नाही."

"नाही. लिहायला हवं होतं."

मुलीने वही काढली आणि भराभर लिहू लागली. बाई शिक्के मारत राहिल्या. पान भरल्यावर मुलीने ते फाडलं आणि घडी घातली.

"मी हे प्राचार्यांकडे नेऊ?"

"ने," बाई म्हणाल्या. "फक्त आधीचा खांब कोणता, ते पहिल्यांदा सांग."