कोरडा कापूस, ओलं लुगडं

ते पत्रक वाचायला मला दिलं, कारण गावात मोठ्यानं आणि न अडखळता वाचणारा मीच होतो. मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. सभेची, संपाची, निवडणुकीची, मिळतील ती पत्रकं मी पाठ करायचो. राज्य नवं होतं. जिल्ह्याहून आलेला छापील कागद म्हणजे आपल्या राज्यानं आपल्याला दिलेला शब्द, अशी माझी समजूत होती.

पत्रक हिवाळ्यातल्या आजारांबद्दल होतं. चावडीपुढे माणसं जमली. कापूस वेचून आलेल्या बाया एका अंगाला बसल्या. मी वाचलं : पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडू नये. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत. गावातले सर्वांत मोठे जमीनदार, ज्यांना सगळे मालक म्हणत, खुर्चीवर बसून वाक्यावाक्याला मान डोलवत होते.

माझी मावशी त्यांच्याच शेतात रोजानं वेचणीला जायची. दिवाळीपासून तिला खोकला होता. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मालक, ओलं लुगडं अंगावर ठेवू नाही म्हनते कागद. मंग आमी ऊन वर आल्यावर येऊ का वेचाले?"

बाया हसल्या. मालकही हसले. "कागद ऐकाले असते, बाई. वेचनी पहाटीच."

त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. पहाटेचं दहिवर, म्हणजे दव, असेपर्यंत कापसाच्या पऱ्हाटीची वाळलेली पानं मऊ असतात. ऊन तापलं की त्यांचा चुरा होतो आणि तो कापसाला चिकटून ओटीत येतो. खामगावच्या बाजारात ही पत्ती दिसली की व्यापारी भाव पाडतो. म्हणून कापूस स्वच्छ राहावा यासाठी वीस बायांनी कमरेपर्यंत भिजायचं. तासाभरात लुगडं पिळण्याइतकं ओलं व्हायचं आणि दुपारपर्यंत अंगावरच वाळायचं. ओला कापूस मात्र मालक खळ्यात पसरून उन्हात वाळवत. त्याची काळजी घ्यायला एक गडी ठेवला होता.

मी घरी येऊन बडबड केली. मावशी भाकरी थापत म्हणाली, "तू चिडला त माह्यं लुगडं वाळते का?"

मग मी एक शहाणपण केलं. जुनी पोती उसवली आणि तिला कमरेभोवती बांधायला दिली. त्या दिवशी तिचं लुगडं भिजलंच नाही. दोन दिवसांत आठ-दहा जणींच्या कमरेला पोती दिसू लागली. आपण लढा जिंकला असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी मालकांनी मला खळ्यात बोलावलं. मूठभर कापूस माझ्या नाकापुढे धरला. त्यात तपकिरी धागे होते.

"हे काय हाय बे?"

"सुतळी."

"पत्ती झटकता येते. हे सुतात जाते. व्यापारी अख्खी गाडी वापस पाठवते. तुह्या कागदात हे लिहेल होतं का?"

नव्हतं. कापसाबद्दल त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचा मला अजून राग येतो. मावशीला त्यांनी ढिगाशी बसवलं होतं, एकेक धागा निवडायला. ती खोकत होती आणि निवडत होती. पोती बंद, असं त्यांनी सांगून टाकलं.

"मग त्यांनी भिजायचंच का?" मी विचारलं.

"आजपावतर भिजल्याच ना," ते म्हणाले.

एवढ्या शांतपणे कुणी असं बोलू शकतं, हे मी कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं. राग त्या पत्रक लिहिणाऱ्याचाही आला. गारठ्यात बाहेर पडू नये, हे त्यानं कुणाला सांगितलं? जिला घराबाहेर कधी पडायचं हे ठरवता येत नाही, तिला. खुर्चीवर बसलेल्याला उद्देशून त्या कागदात एक ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी मावशी वेळेवर शेतात गेली आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहिली. तिच्याजवळ दुसरी बसली, मग सगळ्याच. पोती बांधायची कल्पना माझी होती, ही माझी नव्हती. मला ते उजाडल्यावर कळलं, म्हणून धावत गेलो.

मालक आले. "बसल्या काऊन?"

"पोतं बांधू देत नाही, त दहिवर उतरू द्या," मावशी म्हणाली.

"पत्ती येईन."

"सावकाश वेचू. पत्ती हातानं काढू. काल सुतळी नाही काढली का?"

"बाजूच्या बीबी गावच्या बाया आनतो मी."

"आना. त्याबी लुगडंच नेसतात."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बोंडं फुटली होती, सगळ्या शिवारात वेचणी चालू होती, बीबीतही मोकळी बाई मिळाली नसती. मालक बांधावरून दोनदा फिरून आले. ऊन पऱ्हाटीवर आलं, पानं कोरडी झाली. मग त्यांनी कुणाकडेही न पाहता म्हटलं, "चला आता."

महिन्याभरानं तालुक्याचे साहेब आले. पत्रकातलं तंतोतंत पाळून आपण बायांना ऊन पडल्यावरच कामावर घेतो, असं मालकांनी त्यांना चावडीवर सांगितलं. साहेबांनी शाबासकी दिली. माझ्या अंगाची आग झाली. मी बोलायला उठलो, तर मावशीनं माझा सदरा धरून खाली ओढलं.

"बोलू दे त्याले," ती म्हणाली. "चार लोकायसमोर बोलला. आता पुढच्या सालीबी पहाटी बोलावता नाही येत."