हिरव्या शेपटीचे उंदीर

सव्वीस वर्षं पिंजरे धुऊन त्याच्या हातांना भुशाचा वास कायमचा चिकटला होता. प्रयोगशाळेत सगळे त्याला उंदीरमामा म्हणत. तो रागावत नसे. रागावायलाही अंगात जोर लागतो.

यंदा मॅडमनी एका मुळीचा काढा तपासायला घेतला होता. फेफरं येणाऱ्याला जुने लोक देत आले तो. निम्म्या उंदरांना काढा, निम्म्यांना नुसतं रंगीत पाणी. मग मामानं एकेक उंदीर आणायचा, त्याला फिट आणणारं इंजेक्शन, आणि मॅडम स्टॉपवॉच घेऊन समोर. कोणाला काय दिलं ते दोघांनाही कळू नये म्हणून बाटल्यांवर आणि शेपट्यांवर नुसते हिरवे-निळे ठिपके. पण मामाच्या नाकापुढे ठिपक्यांची काय मात्रा चालणार? हिरव्या बाटलीला मुळीचा वास होता, आणि हीच मुळी बायकोनं घरी डब्यात भरून ठेवली होती. लेकीला दहा वर्षं फिट येत होत्या, आणि गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. बायकोचं एकच टुमणं: "उंदरांना गुण आला की सांगा. त्या दिवसापासून गोळ्या बंद."

तीन महिन्यांनी मॅडम हसत आल्या. "मामा, हिरवे काढ्याचे निघाले, आणि त्यांच्या फिट निम्म्यावर आल्यात!"

मामानं आपल्या हातांकडे पाहिलं. निळ्या ठिपक्याचा उंदीर तो उचलून सरळ टेबलावर ठेवायचा. हिरव्याला मात्र आधी ओंजळीत घ्यायचा, धडधड शांत होईपर्यंत अंगठ्यानं पाठ चोळायचा, "गप रे बाळा" म्हणायचा. मुद्दाम नव्हे, हातच तसे वळायचे. आणि घाबरलेल्या उंदराला फिट लवकर येते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

तोंड मिटून बसला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण घरी गोळ्या बंद झाल्या असत्या. त्यानं सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी वही मिटली. "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून."

"हो. आणि या खेपेला उंदीर धरायला दुसरं कोणी बघा."

घरी बायको दारातच उभी होती. "आला गुण?"

"काढ्याचा की माझ्या हाताचा, कळत नाही. तिला गोळी दे."

"तुमच्या हाताचा?" बायकोचा आवाज चिरकला. "मग इथे का नाही येत?"

मामा लेकीजवळ जाऊन बसला. दहा वर्षं प्रत्येक फिटनंतर तो लेकीची पाठ अशीच चोळत आला होता.